नवसाचे दगड

बुशिरिबानाच्या भिंतींआड लोक लघवीला बसतात हे एपिफानिओ वेर्लेमानला डोळ्यांनी बघावं लागलं नाही. आरुबाच्या उत्तर किनाऱ्यावरचा वारा कुणाचंच गुपित ठेवत नाही. पिकअपचं दार उघडलं आणि भपकारा नाकात शिरला. फानिओ खाली थुंकला, गवती टोपी हनुवटीखाली दोरीने आवळली आणि मागच्या हौद्यातून एकचाकी हातगाडी उतरवली. दर गुरुवारी सकाळी तो इथे यायचा, आणि दर गुरुवारची पहिली पाच मिनिटं शिव्या देण्यातच जायची.

"डुकरं साली," तो म्हणाला. समोर फक्त एक बकरी उभी होती. "तुला नाही म्हणालो. तू तरी उघड्यावर करतेस."

दीडशे वर्षांपूर्वी इथे सोन्याची गिरणी होती. इंग्रजांच्या कंपनीने बांधली, डोंगरातला दगड गाढवांवर लादून आणला, भरडला, वितळवला आणि दहाएक वर्षांत गाशा गुंडाळला. मागे राहिल्या भिंती. त्या भिंतींभोवती आता, समुद्राच्या काठापर्यंत, दगडावर दगड रचलेल्या शेकडो लहान उतरंडी होत्या. मधून वाट काढायची म्हणजे पाय कुठे ठेवावा कळेना. उतरंडींच्या मध्ये प्लास्टिकचे पेले, ओले टिश्यू, एका पायातली रबरी चप्पल, आणि त्या सगळ्यावर अंगाला फासायच्या क्रीमचा तो गोड, नारळी वास. फानिओला तो वास लघवीच्या वासापेक्षाही जास्त किळसवाणा वाटायचा. लघवी निदान सुट्टीवर आल्याचा आव आणत नाही.

तो थेट समुद्राकडच्या भिंतीपाशी गेला. त्या भिंतीत एक मोठी खिडकी आहे. लाकडी चौकट कधीच गेली, पण वरची कमान शाबूत आहे, आणि तिच्यातून समुद्र दिसतो म्हणून सहलीच्या जहाजावरून उतरलेला प्रत्येक माणूस तिथे उभा राहून फोटोसाठी दात दाखवतो. फानिओचा पणजोबा दोमिनिको या भिंतीवर गवंडी होता. सोनं त्याने आयुष्यात हातात धरलं नाही, दगड मात्र धरले. घरातल्या म्हाताऱ्या बायका ही भिंत "आपल्या दोमिनिकोची" म्हणायच्या, आणि तेवढीच वेर्लेमानांची इस्टेट.

फानिओ गुडघ्यावर बसला आणि भिंतीच्या पायात हात घातला. गेल्या वर्षी मनगटापर्यंत जायचा. आज कोपरापर्यंत गेला. रचायला चपटा, दोन्ही बाजूंनी सारखा दगड लागतो, आणि तसा घडवलेला दगड उघड्या माळावर कुठे मिळणार? तो भिंतीतच मिळतो. खाऱ्या वाऱ्याने चुना भुसभुशीत झालेला, बोटांनी हलवला की दगड सुटतो. येणारा प्रत्येक जण एक घेऊन जायचा, एकच, त्यात काय एवढं? फानिओ गुरुवारी उतरंडी मोडून दगड परत पायात ठोकायचा, रविवारपर्यंत ते पुन्हा बाहेर. त्याचा हिशेब साधा होता: असंच चाललं तर पुढच्या वादळी हंगामात खिडकीसकट भिंत खाली येईल. ती वाचवायची तर इथे कुंपण हवं आणि दगड रचण्यावर बंदी हवी. त्यासाठी जुन्या वास्तूंच्या कचेरीत त्याने तीन अर्ज टाकले होते.

अर्जांत एक गोष्ट मात्र त्याने लिहिली नव्हती. हे दगड रचायचं खूळ त्याचंच होतं.

फानिओने सव्वीस वर्षं प्रवाशांची बस चालवली. चालवायची आणि चालवता चालवता बोलायचं, अशी ती नोकरी. बोलणं हे त्याचं खरं काम, स्टिअरिंग हे निमित्त. पाराडेराच्या त्याच्या आळीत लोक म्हणायचे की फानिओच्या आईने त्याला अंगड्याच्या ऐवजी भोंगा चढवून जन्माला घातलं. कुठे काय बोलावं हे त्याला कधी शोधावं लागलं नाही. अडचण एकच होती. त्याचा मित्र क्रिस्पुलो खेरमान ज्या बसवर होता ती समुद्राने कोरलेल्या दगडी पुलाकडे जायची. तिथे गोष्टीची गरजच नव्हती, पूल बघूनच लोक आ वासायचे आणि उतरताना क्रिस्पुलोच्या टोपीत नोटा टाकायचे. फानिओच्या वाट्याला आलं बुशिरिबाना. सावली नाही, विकायला काही नाही, उन्हात तापलेल्या चार भिंती.

अठ्ठ्याऐंशी साली एका दुपारी तिथे त्याच्या बसची बॅटरी बसली. अडतीस प्रवासी. दुसरी गाडी यायला दीड तास. लाल मानेचा एक धिप्पाड गृहस्थ त्याच्या छातीवर बोट टोचत म्हणाला की मी जहाजावर जाऊन तक्रार करणार आहे. बाकीचे मागे गोळा व्हायला लागले. मग फानिओने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तो खाली बसला, एक मोठा दगड ठेवला, त्यावर मधला, त्यावर लहान. टोपी काढली. आवाज उतरवला.

"काकेतिओ लोक," तो म्हणाला, "म्हणजे गोरे यायच्या आधीचे आमचे पूर्वज, या जागी नवस करायचे. खालचा दगड जमिनीचा, मधला समुद्राचा, वरचा तुमच्या मनातल्या इच्छेचा. रचताना बोलायचं नाही. रचून झाल्यावर मागे वळून बघायचं नाही."

मागे वळून न बघण्याची अट एवढ्यासाठीच होती की लोकांनी मेलेल्या बसकडे न बघता समुद्राकडे चालत राहावं. पण अडतीसच्या अडतीस माणसं गुडघ्यावर आली. लाल मानेच्या गृहस्थाने तीन दगड रचले आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्या दिवशी टोपी भरली ती आयुष्यात पहिल्यांदा. महिन्याभरात ही गोष्ट क्रिस्पुलोने उचलली, वर्षभरात बेटावरच्या साऱ्या चालकांनी, आणि फानिओ खूश होता, अगदी फुगून गेला होता. दगड येतात कुठून हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा रिकाम्या हाताने, रिकाम्या वेळी तो त्या भिंतीजवळ गेला, तेव्हा त्याला पायातला खळगा दिसला.

तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. गुरुवारी कचेरीतून जेनिरा दिर्क्स बाई पाहणीला येतील. फानिओने दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

जेनिरा तिशीतली, हॉलंडमध्ये शिकून आलेली, पायात पांढरे बूट. त्या वासात उतरल्याबरोबर तिने ओढणीसारखा रुमाल नाकाला लावला, आणि फानिओला ती लगेच आवडली.

"टिओ फानिओ, तुम्हाला भेटायची फार इच्छा होती," ती म्हणाली. टिओ म्हणजे काका, बेटावरची लहान माणसं मोठ्यांना म्हणतात ते. "तुमची जुनी रेडिओवरची मुलाखत मी चार वेळा ऐकलीय."

"ते सोड पोरी. इकडे ये. हात घाल इथे."

तिने हात घातला. कोपरापर्यंत. तिचा चेहरा खरोखर उतरला. "बाप रे. हे तर पोकळ झालंय."

"मग? तेच तर लिहितोय मी दोन वर्षं. कुंपण घाला, ते ढब्बू चाकांच्या गाड्यांवाले धुळीत नाचतात त्यांना हाकला, आणि या उतरंडी, या सगळ्या, मोडून दगड परत भिंतीत बसवा."

"उतरंडी?" जेनिराने रुमाल खाली घेतला. "टिओ, त्यांना कसा हात लावणार? म्हणून तर कुंपणाचा प्रस्ताव अडकलाय. ही जिवंत परंपरा आहे. काकेतिओंची एवढी एकच प्रथा बेटावर टिकलीय, बाकी सगळं पुसलं गेलं. आम्ही सात बसचालकांचे जबाब घेतलेत, सगळे तंतोतंत जुळतात."

"जुळणारच," फानिओ म्हणाला.

"आणि सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तुमची मुलाखत. तुम्ही त्यात म्हणालात, माझ्या पणजीने मला हे शिकवलं."

फानिओला ते आठवलं. रेडिओवरच्या माणसाने फार आदराने विचारलं होतं, आणि आदराने विचारलं की फानिओची जीभ सैल सुटायची. पणजीला त्याने कधी बघितलंही नव्हतं.

जेनिराने फाईल उघडून एका पाटीचं चित्र दाखवलं. "शतकानुशतकं" या शब्दाने ती सुरू होत होती. पाटीचं अनावरण दोन आठवड्यांनी, तंबू, खुर्च्या, वरचे साहेब, जहाजावरच्या पाहुण्यांनाही आमंत्रण. "आणि पहिला दगड तुम्ही ठेवायचा, टिओ. दुसरं कोण ठेवणार?"

त्याने त्या पाटीकडे बघितलं. आतापर्यंत त्याची सगळी शिसारी त्या उघड्यानागड्या, भाजून लाल झालेल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली होती. आता ती वळून त्याच्याच अंगावर आली. तोंड उघडायची हीच वेळ होती. तो म्हणाला, "बघतो."

घरी बिबियाना अंगणात निवडुंगाच्या कुंपणाला टेकून कपडे वाळत घालत होती. बेचाळीस वर्षांचा संसार. नवऱ्याच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक गोष्टीचा जन्म तिने स्वयंपाकघरात बसून पाहिलेला.

"काय झालं? बंदी घालतायत?"

"पाटी लावतायत. माझ्या खोटेपणावर सरकारी शिक्का."

तिला सगळं ऐकून आधी हसू आलं, मग राग. "मग तिथल्या तिथे सांगायचंस ना! जिभेला काय काटा टोचला होता? एरवी मेलेल्या माणसाला बोलून उठवशील."

"काय सांगू? की इतकी वर्षं मी लोकांना उल्लू बनवलं? शाळेतली पोरं झेंड्याच्या दिवशी मला व्यासपीठावर बसवतात, बिबियाना. चर्चमध्ये पाद्री हात मिळवतो. रस्त्यात कुणी अडवलं की म्हणतात, टिओ फानिओला विचारा, त्याला सगळं माहीत आहे."

"मग बस व्यासपीठावर. भिंत पडली की तिथे नवी गोष्ट सांग."

तिने फुंचीचं भांडं त्याच्यासमोर आदळलं. मक्याचा तो गोळा आणि बकरीचा रस्सा त्याच्या आवडीचा, पण त्या दिवशी घास फिरत राहिला. त्याला एकट्याने बोलायचं धैर्य होत नव्हतं. जोडीला कुणी हवं होतं. त्याच्याइतकाच या पापात बरबटलेला माणूस एकच.

क्रिस्पुलो आपल्या भाच्याच्या टपरीसमोर बाकावर बसून पास्तेची खात होता. तळलेली, चीज भरलेली, तेल हनुवटीवर ओघळत होतं. भाचा त्याच ढब्बू चाकांच्या गाड्या भाड्याने द्यायचा. ज्याच्या ताटात जेवायचं त्याच्या धुळीबद्दल बोलायचं नाही, हे क्रिस्पुलो पाळून होता.

"क्रिस्पुलो, तुला बॅटरी बसली तो दिवस आठवतो ना?"

"कुठला?"

"अरे कुठला काय! तू पुलाकडून परत येताना थांबलास. मी तीन दगड रचत होतो. रात्री तूच माझ्या पाठीत धपका घालून म्हणालास, फानिओ, तू तुरुंगात जाणार."

क्रिस्पुलोने बोटं चाटली. "असेल. पण प्रथा जुनीच आहे, स्वा." स्वा म्हणजे मित्र, मेहुणा, सगळं एकात. "माझी आजी करायची."

"तुझी आजी? तुझी आजी सान्ता क्रूझच्या पलीकडे कधी गेली नाही! तिला समुद्र बघितला की चक्कर यायची."

"दगड रचायला समुद्र लागत नाही. अंगणात रचायची. मला स्पष्ट आठवतंय." आणि तो खोटं बोलत नव्हता. तेच सगळ्यात घाणेरडं होतं. त्याच्या डोळ्यांत आजीची माया आलेली फानिओला दिसली. "पाटीवर माझं नाव आहे का रे? सात चालकांत मी दुसरा होतो."

फानिओ उठला. त्याला क्रिस्पुलोच्या हनुवटीवरच्या तेलाची, त्या बाकाची, सकाळपासून कानात भुणभुणणाऱ्या इंजिनांची एकदमच इतकी घृणा आली की तो निरोप न घेता निघाला. चालता चालता त्याने ठरवलं. एकट्याने तर एकट्याने. सगळ्यांसमोर, माईकवर. एकदा चारचौघांत तोंड काळं झालं की पाटी उतरवावीच लागेल, आणि पाटी उतरली की कुंपण अडवायला कारण उरणार नाही. सुंभ जळून जाऊ दे पिळासकट.

अनावरणाच्या दिवशी वाऱ्याने तंबूची एक बाजू उखडली होती आणि चार माणसं तिला लटकून उभी होती. वरचे साहेब कपाळावरचे केस धरून बोलले. प्रत्येक वाक्यानंतर एक मुलगी पाहुण्यांसाठी इंग्रजीत सांगायची. पाहुणे साठेक असतील, निम्मे पोहायच्या कपड्यांत, हातात बर्फाचे पेले. पहिल्या रांगेत क्रिस्पुलो, चर्चचा कोट घालून. बिबियाना शेवटच्या रांगेत, तिला पुढे बसायला सांगितलं तर म्हणाली होती, "मी लांबूनच ऐकते, थुंकी उडायला नको."

जेनिराने फानिओच्या हातात एक दगड दिला. चपटा, घडवलेला, एका बाजूला चुन्याचा पांढरा थर. दोमिनिकोच्या भिंतीतला. आयोजकांपैकी कुणीतरी सोहळ्यासाठी म्हणून सकाळीच काढून आणला होता. फानिओने तो ठेवला नाही. हातात धरूनच तो माईकपाशी गेला.

"मंडळी," तो म्हणाला. "ही प्रथा काकेतिओंची नाही. माझी आहे. अठ्ठ्याऐंशी साली इथे माझ्या बसची बॅटरी बसली. लोक चिडले. मी तीन दगड उचलले आणि तोंडाला येईल ते बोललो. पणजीने शिकवलं म्हणालो तेही खोटं. या उतरंडींत पवित्र काही नाही. त्यांच्यासाठी ही भिंत पोखरली जातेय, आणि ते पाप माझं आहे. पाटी काढा. दगड परत ठेवा."

मग पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मुलीने इंग्रजीत सांगितलं आणि पाहुण्यांत हशा पिकला. साहेबही हसले, टाळ्या वाजवल्या. टिओ फानिओ म्हणजे गमतीचा माणूस, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

"मी खरं सांगतोय!" फानिओ ओरडला. "मी खोटारडा आहे!"

आता तर लोक पोट धरून हसायला लागले. क्रिस्पुलो डोळे पुसत उभा राहिला. "फानिओ, आता म्हणशील हा समुद्रही तूच भरलास! बादलीने!"

जेनिरा तेवढी हसत नव्हती. ती प्रेमाने बघत होती, आणि शेजारच्या साहेबांना तिने हळूच सांगितलेलं फानिओला ऐकू गेलं. "जुनी माणसं अशीच असतात. पवित्र गोष्ट परक्यांसमोर उघड करायची नसते त्यांना."

फानिओने त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघितलं. आयुष्यभर त्याने या तोंडांना जे चारलं ते त्यांनी गिळलं होतं, आणि पहिल्यांदा खरा घास दिला तर थुंकून टाकत होते. त्याने मान वळवली ती भिंतीकडे. खिडकीखाली, पोहायच्या कपड्यांतली एक बाई उकिडवी बसली होती. भाषणात तिला रस नव्हता. तिने भिंतीच्या पायातल्या एका दगडाला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि हलणारा दात काढावा तसा ती तो पुढेमागे करत होती. वरून चुन्याची भुकटी तिच्या केसांत पडत होती. कमानीतला एक दगड किंचित सरकलेला फानिओला दिसला.

"थांबा!" तो माईकवर गरजला. "हात काढ, बाई! गोष्ट अजून अर्धीच झालीय!"

हशा थांबला. फानिओने टोपी काढली. आवाज उतरवला. तो कसा उतरवायचा हे त्याच्या घशाला न सांगता येत होतं.

"उरलेली अर्धी आम्ही परक्यांना सांगत नाही," तो म्हणाला. "पण आता सांगावी लागणार. माळावरचा दगड नवसाला चालतो. या भिंतीतला चालत नाही. या भिंतीत सोन्यापायी मेलेल्या माणसांचा घाम आहे. भिंतीचा दगड ज्याने रचला त्याचा नवस उलटतो. मागितलेलं मिळत नाही, आणि मिळालं असेल तर तेही परत जातं. उपाय एकच. आपल्या हाताने दगड भिंतीत परत ठेवायचा."

मुलीने इंग्रजीत सांगितलं. भिंतीपाशी बसलेल्या बाईने दगड सोडला आणि हात छातीशी घेतले. तंबूतून एक म्हातारा पाहुणा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "ओळखायचा कसा?"

"चुना. एका अंगाला पांढरा थर असतो."

मग जे झालं ते बघून फानिओ माईकला धरून उभा राहिला. खुर्च्या मागे पडल्या. लोक उतरंडींवर तुटून पडले, दगड उलटेपालटे करून चुना शोधायला लागले. एकाने आपली उतरंड सापडेना म्हणून दुसऱ्याची मोडली, त्यावरून भांडण झालं. क्रिस्पुलो कोट वर खोचून चार दगड एकदम पोटाशी घेऊन भिंतीकडे धावत होता आणि वाटेत छातीवर क्रूस काढत होता. साहेबांनीही एक उचलला, हसत हसत, पण उचलला. भिंतीच्या पायाशी गर्दी झाली. फानिओ तिथे जाऊन "लांब बाजू आत, आत!" म्हणून ओरडत राहिला, आणि खळगा डोळ्यांदेखत भरत गेला. पक्कं काम गवंडी करेल, पण आज तरी भिंतीखाली हात जायला जागा राहिली नव्हती.

जेनिरा वही घेऊन त्याच्याशेजारी आली. तिचे पांढरे बूट धुळीने मातकट झाले होते. "टिओ, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? पाटीवर घ्यायलाच हवं. आता कुंपणालाही कुणी हरकत घेणार नाही, भिंत पवित्रच ठरली. किती जुनं आहे हे?"

फानिओने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. सहा मिनिटं झाली होती.

"फार जुनं," तो म्हणाला.

तिने ते लिहून घेतलं. तो बाजूला गेला, एका पडक्या कोपऱ्यात ओणवा झाला आणि सकाळची कॉफी ओकून टाकली. खरं बोललो तर हसले, खोटं बोललो तर गुडघ्यावर आले. या माणसांची त्याला किळस आली, आणि त्याहून जास्त आपली. कारण त्या शेवटच्या वाक्यांत, आवाज उतरवताना, त्याला बरं वाटलं होतं. जुन्या दिवसांइतकं बरं.

तोंड पुसून तो बिबियानाला शोधायला लागला. निदान तिच्यासमोर बसून शिव्या खाव्यात, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. शेवटची रांग रिकामी होती. ती दिसली ती पार मागे, जुन्या भट्टीच्या भिंतीआड, जिथे वारा लागत नाही. चर्चचे बूट घातलेली बिबियाना वाकून एका कोनाड्यातून काहीतरी काढत होती. तिथे तीन दगडांची एक लहानशी उतरंड होती, कडेने शेवाळलेली, बऱ्याच वर्षांची. तिने वरचा दगड उचलला, उलटा केला, पदराने पुसावा तसा स्कर्टला पुसला. चुन्याचा पांढरा थर होता.

"हे काय?" फानिओ म्हणाला.

ती दचकली नाही. "लुडविनाचं मूत्रपिंड बिघडलं होतं ते वर्ष. तू बस घेऊन गेलेलास."

त्यांची लेक लुडविना. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि मग ती बरी झाली. आता रॉटरडॅमला होती, दोन मुलांची आई.

"पण तुला तर माहीत होतं," फानिओ म्हणाला. "तुझ्यासमोर, आपल्या टेबलावर बसून सांगितलं होतं मी की हे सगळं थापा आहे."

"माहीत होतं."

"आणि हे उलटण्याचं, बिबियाना, हे तर मी आत्ता बनवलं. तिथे उभा राहून. तुझ्या डोळ्यांदेखत."

"कळतं मला. मी काय खुळी आहे?"

दगड तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, तान्ह्या मुलाला धरतात तसा, आणि तिचे ओठ हलत होते. भिंतीकडे जायची वाट त्या कोपऱ्यात अरुंद होती, आणि फानिओ बरोबर मधोमध उभा होता.

"सरक, फानिओ," ती म्हणाली. "वाटेत उभा राहू नकोस."